पालखीच्या रात्रीची झोप

पद्मजाला झोप येत नाही, ही बातमी पेणच्या त्यांच्या सोसायटीत आता शिळी झाली होती. झोप न येणारी काही माणसं निमूटपणे कूस बदलत पडून राहतात. पद्मजा त्यातली नव्हती. ती उठायची, स्वयंपाकघरातले डबे आवरायला घ्यायची, आणि एखादं झाकण हातून निसटलं की खालच्या मजल्यावर समजायचं, की बाईंना आजही झोप लागलेली नाही.

तिचा नवरा महादेव मात्र उशीला डोकं टेकताक्षणी जो घोरायला लागायचा, तो थेट सकाळच्या चहाला थांबायचा. पूर्वी तिला त्या घोरण्याचा राग यायचा. आता नुसता हेवा वाटायचा. या माणसाने आयुष्यात फार मोठं पुण्य केल्याचं तिला काही आठवत नव्हतं, मग एवढी झोप याच्या पदरात कुणी टाकली?

झोपेची धास्ती मात्र यंदाच्या गणपतीत सुरू झाली. तिची लेक तनया पुण्याला जनुकशास्त्र शिकत होती. ती सुट्टीला आली आणि मोदकाची पारी करता करता म्हणाली, "आई, आपल्या घरातल्या आजारावर एक अभ्यास चाललाय. तू आणि दिनूमामा त्यात यावं असं मला वाटतं."

घरातला आजार म्हणजे विसरण्याचा. पद्मजाचं माहेर रोह्याचं. तिचे वडील तिथे शाळेत शिकवायचे. निवृत्तीला अवकाश असतानाच ते एक एक विसरायला लागले, आणि एक दिवस त्यांनी स्वतःच्याच वर्गातल्या मुलाला स्वतःच्याच घराचा रस्ता विचारला. मुलाने बिचाऱ्याने हात धरून घरी आणून सोडलं. नंतर पाळी आली मोठ्या भावाची, दिनानाथची. दिनानाथ रोह्याजवळ धाटावला एका कंपनीत शिफ्ट इंचार्ज होता. तो आधी दुपारच्या शिफ्टला सकाळी जायला लागला. मग एकदा शेजारच्याच कंपनीत शिरला, तिथल्या कॅन्टीनमध्ये पोटभर जेवला, आणि जेवण कसं झालंय ते आचाऱ्याला सांगूनही आला. घरचे हसले, मग हसायचे थांबले. साठी अजून लांब होती आणि दादा घरी बसला होता.

तनयाने आईला समजेल असं सांगितलं. माणूस गाढ झोपला की मेंदू आपली भांडी घासायला घेतो, दिवसभराचं खरकटं धुऊन टाकतो. काही घराण्यांत स्मरणशक्ती लवकर बिघडवणारी जनुकं असतात, आणि तीच जनुकं कितीतरी वर्षं आधीपासून गाढ झोपही कुरतडत असावीत, अशी शास्त्रज्ञांना शंका आहे. "पण आधी काय बिघडतं, झोप की मेंदू, ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही," असं तनया दोनदा म्हणाली. पद्मजाने ते एकदाही ऐकलं नाही. तिने ऐकलं ते एवढंच, की झोप नाही म्हणजे भांडी तशीच पडलीत.

त्या दिवसापासून होती नव्हती ती झोपही पळाली. पद्मजा शाळेत गणिताची शिक्षिका. झोप यावी म्हणून ती रात्री मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणायची. पण एखाद्या ठिकाणी अडखळली की दचकून उठून बसायची. विसरले! मग खात्रीसाठी पुन्हा पहिल्यापासून. शिक्षकखोलीतून सल्ल्यांचा पाऊस पडत होता. कुणी दुधात जायफळ उगाळायला सांगितलं, कुणी तळपायाला तूप चोळून काशाची वाटी फिरवायला. महादेवने चार दिवस इमानाने वाटी फिरवली. चारही दिवस वाटी हातात धरून तोच तिच्या पायाशी झोपला.

दिवसाही तिची स्वतःवर पाळत असायची. एकदा तिला "चाळण" हा शब्द आठवला नाही. समोर चाळण, हातात पीठ, आणि शब्द गायब. ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

अभ्यासासाठी रक्त देऊन झालं होतं. ते जनुक तिच्यात आहे की नाही, याचा अहवाल तयार होता. पण विचारल्याशिवाय तो कुणाला सांगायचा नाही, असा त्या लोकांचा नियम. निमिष नावाचा मुलगा पुण्याहून फोन करायचा आणि फार अदबीने विचारायचा, "मॅम, तुम्हाला जाणून घ्यायचंय का?" पद्मजा म्हणायची, "एवढ्यात नको." तनयाने कधी आग्रह धरला नाही. फक्त एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्यात नसेल ना आई, तर माझ्यातही नसणार." मग तिने घाईघाईने मेसच्या भाजीचा विषय काढला. ते वाक्य मात्र पद्मजाच्या छातीत जाऊन बसलं, आणि तिथून हलेना.

राहिली होती झोपेची तपासणी. कपाळाला एक पट्टी बांधून झोपायचं, ती रात्रभराची नोंद घेणार. बहीणभावाने एकाच रात्री, एकाच घरात झोपावं आणि घरात शांतता असावी, एवढीच अट. पट्ट्या दुसऱ्या दिवशी परत पाठवायच्या, कारण पुढे नाशिकचं एक घर वाट बघत होतं. निमिषने तारीख विचारली आणि पद्मजाने जराही न अडता सांगितलं, "दसऱ्याचा दुसरा दिवस. रोह्याला, दादाकडे. मला सुट्टीही आहे."

फोन ठेवल्यावर तिने मनाशी एक गोष्ट पक्की केली, आणि ती महादेवलाही सांगितली नाही. त्या एका रात्री आपल्याला गाढ झोप लागली, तर अहवाल मागायचा. नाही लागली, तर त्यात काय आहे ते ठाऊकच आहे, मग मागायचा कशाला?

ठरल्या दिवशी दुपारी ती पेण स्टँडवरून रोह्याच्या एसटीत बसली. पिशवीत दोन पट्ट्या, जायफळ, तुपाची डबी, काशाची वाटी, आणि हातात स्वतःची उशी. इतक्या तयारीने लोक काशीला जात नाहीत. नागोठणं गेलं, भिसे खिंड आली, आणि कंडक्टर ओरडला, "रोहा! पुढं या रोहावाले! गाडी स्टँडवर जाणार नाय, अलीकडंच उतरायचं. आज पालखी हाय!"

पद्मजाच्या हातातली उशी खाली पडली.

रोह्याच्या ग्रामदैवताची, धावीर महाराजांची पालखी! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पोलिसांची मानवंदना घेऊन महाराज निघतात, दिवसभर आणि रात्रभर गावातल्या आळ्या आळ्यांतून फिरतात, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी देवळात परततात. दारोदार रांगोळ्या, ओवाळणी, पुढे ढोल-सनईच्या खालूबाजाचा दणदणाट. त्या रात्री रोह्यात पाळण्यातलं पोरही झोपत नाही. रोहेकर एक वेळ स्वतःचा वाढदिवस विसरेल, पालखी नाही. लग्न होऊन पेणला गेल्यापासून पद्मजाने एकही पालखी चुकवली नव्हती. आणि तिने शांत रात्र म्हणून, साऱ्या वर्षातून, नेमकी हीच निवडली होती.

"सुरू झालं," ती स्वतःशी म्हणाली. बाबांनी घराचा रस्ता विचारला, दादा दुसऱ्याच कंपनीत जेवला, आणि आपण पालखीच्या रात्री झोपायला निघालो. आता अहवाल तो काय वेगळा सांगणार होता!

दादाच्या घरापर्यंत ती गर्दीतून कशी पोचली ते तिचं तिलाच कळलं नाही. वहिनी दारात रांगोळी घालत होती. सगळी हकिगत ऐकून ती हातातली रांगोळी सांडेपर्यंत हसली.

"अगो, यात विसरलीस कुठे?" वहिनी म्हणाली. "दर वर्षी या दिवशी तू इथेच असतेस. तारीख विचारल्यावर तोंडून तीच निघाली. तुझ्या पायांना सुद्धा पाठ आहे ती."

"पण पालखी डोक्यात आली नाही ना!"

"तुझ्या डोक्यात झोपेशिवाय दुसरं काही शिरायला जागा आहे का?"

हे पद्मजाला पटलं नाही, पण थोडं बरं वाटलं. निमिषला फोन केला, तर तो म्हणाला, तारीख बदलता येणार नाही, जशी होईल तशी नोंद होऊ द्या. त्याच्या आवाजावरून पालखी म्हणजे काय ते त्याला अजिबात कळलेलं दिसलं नाही.

दिनानाथ माजघरात झोपाळ्यावर बसला होता. बहिणीला बघून त्याचा चेहरा उजळला. "पदी! आलीस? महादेव कुठाय?" महादेव हमरापूरला एका मित्राच्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात गेला होता. गणपती संपले तरी तिथल्या माणसांशी गप्पा काही संपत नव्हत्या. ते ऐकून दादा खूष झाला. आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "महादेव कुठाय?" तिने पुन्हा सांगितलं, तेवढ्याच प्रेमाने.

लहानपणी याच घरात पद्मजा अशी झोपायची, की घर उचलून नेलं असतं तरी तिला पत्ता लागला नसता. पालखी आळीत आली की आई हाका मारून दमायची. मग दादा यायचा, तिला पांघरुणासकट खांद्यावर टाकायचा आणि दारात नेऊन उभी करायचा. ती डोळे मिटूनच नमस्कार करायची. "आमच्या पदीने महाराजांना कधी बघितलंच नाही, महाराजांनीच तिला बघितलंय," असं बाबा म्हणायचे.

रात्री वहिनी ओवाळणीच्या तयारीला लागली, आणि पद्मजाने दादाच्या कपाळाला पट्टी बांधली. एक स्वतःला बांधली. दोन्ही पट्ट्यांवर बारीक हिरवे दिवे लुकलुकायला लागले. लांब कुठल्याशा आळीत ढोल वाजत होते.

"वहिनी, पालखी आली की मला उठव," तिने सांगून ठेवलं. महाराज दारात आणि आपण अंथरुणात, हे तिला चालण्यासारखं नव्हतं. तसंही झोप थोडीच लागणार होती!

मग ती दादाजवळ बसली आणि तिने त्याला सगळं सांगून टाकलं. मनातलं सांगायला आता दादासारखं माणूस उरलं नव्हतं. तो नीट ऐकून घ्यायचा आणि विसरून जायचा. तिने सांगितलं की तिला रोज झोप येत नाही. सांगितलं की तिला भीती वाटते, बाबांसारखं होण्याची, आणि, रागावू नकोस दादा, तुझ्यासारखं होण्याची. सांगितलं की स्वतःपेक्षा तनयाची भीती जास्त वाटते. आणि फक्त एक रात्र गाढ झोप लागली, तर ती धीर करणार आहे. दादाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "झोप," तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "महादेव कुठाय?"

ती आडवी झाली. जायफळ पिशवीतच राहिलं, वाटीही तशीच राहिली. ढोल जवळ यायचे, वळणावर लांब जायचे, पुन्हा जवळ यायचे. खालच्या रस्त्यावर बायका बोलत होत्या, भांडी वाजत होती, कुणीतरी खो खो हसत होतं. सगळं गाव जागं होतं, मग आपण जागं राहायची काही निकड नव्हती. लहानपणी हेच तर वाटायचं! एकोणतीस एके एकोणतीस, तिने सुरुवात केली. एकोणतीस चोकपर्यंत आल्याचं तिला आठवतं.

डोळे उघडले तेव्हा ऊन खिडकीतून आत येऊन भिंतीवर चढलं होतं.

"वहिनी!" ती ओरडतच बाहेर आली. "पालखी?"

"गेली की," वहिनी म्हणाली. ती चहा गाळत होती आणि तिच्या डोळ्यांत हसू होतं. जरा पाणीही होतं.

"मला उठवलं का नाहीस?"

"उठवायला निघाले होते. तर हे दारात आडवे उभे. कपाळाला ती पट्टी, वर तो हिरवा दिवा चालू. मला म्हणाले, पदी झोपलीय, कुणी हाक मारायची नाही."

पद्मजा खालीच बसली.

"तेवढ्यावर थांबले असते तर ठीक," वहिनी सांगत होती. "तसेच रस्त्यावर उतरले. खालूबाजा अगदी आपल्या वळणावर आला होता. पुढे बाबाजी, तो नव्हता का यांच्या शिफ्टला? यांनी सरळ त्याच्या ढोलावर हात ठेवला. बाबाजी बिचारा म्हणतो, सायेब, महाराजांच्या पुढं वाजवायचं नाय म्हंजे कसं? तर हे म्हणाले, माझी बहीण झोपलीय, तिला रोज झोप येत नाही. महाराजांना चालेल."

"आणि?"

"आणि काय! बाबाजी कधी यांचा शब्द मोडायचा नाही, अजूनही मोडत नाही. त्याने हात वर केला आणि सगळे थांबले. अगो, अख्खी पालखी आपल्या दारातून चवड्यांवर गेली. एवढी गर्दी, पण खोकलं नाही कुणी. मी ओवाळलं ते बांगड्या कोपरापर्यंत सारून. पुढच्या आळीत वळल्यावर मग जो दणका उडाला! तू त्यालाही उठली नाहीस."

पद्मजाला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. सगळ्या रोह्यासमोर अशी लाज काढली म्हणून ती दादावर रागवायला बघत होती, पण राग काही जमून येत नव्हता. तिने तोंड धुतलं आणि झोपाळ्याकडे गेली. दादा चहा पीत होता. पट्टी अजून कपाळालाच होती. तो रात्रभर जागा राहिल्याची नोंद करून ती दमलेली असणार, आणि निमिष ती नोंद बघून चक्रावणार होता.

"दादा," ती म्हणाली, "मला का नाही उठवलंस?"

दादाने तिच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा उजळला. "पदी! तू कधी आलीस?"

ती त्याच्या शेजारी झोपाळ्यावर बसली.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "पालखी येईल आता. झोपू नकोस हां. नाहीतर मला उचलून न्यावं लागेल, आणि आता तू जड झालीस."

आत वहिनीच्या हातातली गाळणी थांबली. पद्मजाने डोळे पुसले आणि दादाचा हात धरला. "चल," ती म्हणाली. "येईपर्यंत कशाला थांबायचं? आपणच जाऊ."

महाराज अजून देवळात पोचले नव्हते. दोघं आळीतून निघाली, पद्मजाच्या हातात ओवाळणीचं ताट, दादाच्या कपाळावर हिरवा दिवा. दारादारातल्या रांगोळ्या तुडवल्या गेल्या होत्या. बायका दारांत जांभया देत उभ्या होत्या, आणि तिला बघून "झाली का झोप?" असं हसून विचारत होत्या. एका रात्रीत सगळ्या गावाला कळलं होतं. पद्मजा प्रत्येकीला "झाली, झाली" म्हणत होती, आणि तिच्या लक्षात आलं की खरंच झाली होती. डोकं घासूनपुसून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं लख्ख वाटत होतं.

बाबा घराचा रस्ता विसरले होते. दादा काल रात्रीचं विसरला होता, तासाभरापूर्वीचंही विसरला होता. पण तिला झोपू द्यायचं, हे तो रात्रभर धरून उभा राहिला होता. कुठल्या कप्प्यात धरलं असेल ते? घराण्यातून आपल्यात भीती उतरली असेल, तर हेही उतरलं असणार. मग काय काय उतरलंय ते बघायला एवढं घाबरायचं कशाला?

तिने चालता चालताच फोन काढला. "तनया, निमिषला सांग, मला अहवाल बघायचाय."

"आई, नक्की? काल झोप लागली?"

"लागली की! पालखी सुद्धा चुकली."

"पालखी चुकली?" तनयाचा आवाज चढला. "तुझी? आई, तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. तू शनिवारी ये, आपण दोघी मिळून बघू. जे असेल ते असेल. मी आहे, तू आहेस." मग ती थांबली आणि म्हणाली, "आणि दिनूमामा आहे."

देवळाच्या अलीकडच्या वळणावर त्यांनी पालखी गाठली. पुढे खालूबाजा दणाणत होता. घामाने निथळलेल्या बाबाजीची नजर दिनानाथवर गेली, आणि त्याचा हात सवयीने वर झाला. ढोल थांबले. सनई थांबली. मागची माणसं मागच्या मागे थांबली. भर उन्हात सगळी मिरवणूक गप्प उभी राहिली.

"सायेब," बाबाजीने हळूच विचारलं, "आता वाजवू ना?"

दादाने गोंधळून त्याच्याकडे बघितलं. मग ढोलाकडे बघितलं. मग वळून शेजारी ताट घेऊन उभ्या असलेल्या बहिणीकडे बघितलं, नीट, लहानपणी खांद्यावरून खाली उतरवल्यावर बघायचा तसं.

"वाजव रे, वाजव," तो म्हणाला. "उठली आमची पदी."